माल आपला, हात मिस्त्रीचा

लग्नघरात एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे. आचारी ठरवायला गेलेल्या वधुपित्याकडे पाहत, तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारीत आचारी विचारतो, "सामान तुमचं की माझं?" प्रश्न चार शब्दांचा, पण पुढच्या चार दिवसांची झोप त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. सामान आपले असले म्हणजे तूप आपल्या ओळखीच्या दुकानातून येते, हिशेब आपल्या हाती राहतो, आणि दोन पैसेही वाचतात. पण जिलबी बिघडली की आचारी म्हणतो, "मैदाच तसा होता," आणि वाणी म्हणतो, "पाक कुणी केला?" सामान आचाऱ्याचे असले तर पैसे थोडे अधिक जातात, तूप कोणत्या डब्यातले हे विचारायची सोय राहत नाही, मात्र जिलबी बिघडलीच, तर जाब विचारायला एकच माणूस असतो आणि तो मांडवातच सापडतो.

कापड आपले आणि शिंपी दुसरा, सोने आपले आणि घडणावळ सोनाराची, गहू आपला आणि गिरणी परक्याची, असे आपल्या मध्यमवर्गीय संसाराचे निम्मे व्यवहार याच प्रश्नाभोवती फिरत आले. आता तोच प्रश्न आपल्या दाराशी उभ्या असलेल्या मोटारीने विचारायला सुरुवात केली आहे. कारण दसऱ्याला झेंडूचा हार घालून घरी आणलेली गाडी दिवाळीपर्यंत आहे तशी राहिली, तर मालकाला चैन पडत नाही. कुणाला तिचे दिवे मिणमिणते वाटतात, कुणाला चाके बारकी वाटतात, कुणाला चढावर तिचा 'पिकअप' कमी पडतो. मग गाडीत सुधारणा करायची टूम निघते, आणि टूम निघाली की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो: वस्तू आपण आणून मिस्त्रीकडून बसवून घ्यायची, की विकून बसवून देणाऱ्या दुकानाच्या स्वाधीन गाडी करायची?

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. गाडीचे बॉनेट उघडले की मला आतले यंत्र एखाद्या शिलालेखासारखे दिसते. अक्षरे दिसतात, अर्थ लागत नाही. पण आमच्या सोसायटीतील गाड्यांचे हे उद्योग गेली काही वर्षे मी जवळून पाहतो आहे. वाहनतळाला लागूनच माझी खिडकी आहे, त्यामुळे वादविवाद आयते कानावर पडतात. शिवाय आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे सर माझे मित्र आहेत आणि शंकासमाधानाला एक कप चहा त्यांना पुरतो. तेव्हा यंत्रातले ज्ञान त्यांचे, पाहणी माझी, अशा भांडवलावर हा लेख लिहीत आहे.

दोन वाटा

वस्तू स्वतः आणण्याची वाट पूर्वी पायांनी चालावी लागे. पुण्याचा माणूस नाना पेठेत जाई, मुंबईचा ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानांतून हिंडे. चार दुकाने फिरून, घासाघीस करून वस्तू आणली की तिच्याविषयी चार गोष्टीही कानावर पडत. आता रात्री अंथरुणात पडल्यापडल्या फोनवर वस्तू निवडता येते, आणि तिसऱ्या दिवशी खोके दारात येते. खोक्यात वस्तू असते, परदेशी भाषेतील एक कागद असतो, आणि चार स्क्रू असतात. ते स्क्रू कुठे लावायचे हे सांगणारा माणूस मात्र खोक्यात नसतो.

दुसरी वाट दुकानाची. तिथे वस्तूही त्यांची आणि हातही त्यांचा. किंमत अर्थातच चढी. समजा, जी वस्तू बाहेर पाच हजारांना मिळते तिचे दुकानदार बसवून साडेसहा हजार सांगतो. बसवायला लागतो अर्धा तास. मग हिशेबी गृहस्थाच्या मनात येते की वरचे दीड हजार कशाचे? अर्ध्या तासाचे दीड हजार तर आपल्याला महाविद्यालयातही कुणी देत नाही!

हे दीड हजार कशाचे, हा खरा प्रश्न आहे. तो मला नीट उमगला तो आमच्या खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांवर जो प्रसंग आला त्यावरून.

कुंभार्ली घाटातील रात्र

या शेजाऱ्यांचे सासर चिपळूणचे. वर्षातून तीन-चार वेळा पुणे-चिपळूण फेरी ठरलेली. रात्रीच्या घाटात गाडीचे दिवे अपुरे पडतात, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती रास्त होती. त्यांनी फोनवरून दुप्पट उजेड देणारे बल्ब मागवले. दुकानदाराने सांगितलेला दर त्यांना महाग वाटला होता. हे बल्ब निम्म्याहून कमी किमतीत आले. कोपऱ्यावरच्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनने थोडी मजुरी घेऊन ते दहा मिनिटांत बसवले. त्या रात्री सोसायटीच्या भिंतीवर एवढा प्रकाश पडला की समोरच्या इमारतीतील लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. शेजारी प्रसन्न झाले.

पावसाळ्याच्या तोंडी ते चिपळूणहून परत निघाले. गाडीत पत्नी, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली आई. कुंभार्ली घाट निम्मा चढून झाला असेल, तोच प्लास्टिक जळाल्याचा वास येऊ लागला. उजेड पिवळा पडला, फडफडला, आणि दोन्ही दिवे एकदम गेले. बाहेर पाऊस, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि काचेपलीकडे काळा पडदा. मागून एस. टी.ची बस आली म्हणून निभावले. चालकाने बस थांबवली, कंडक्टरने खाली उतरून चौकशी केली, आणि "माझ्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवा, मी सावकाश जातो," असे सांगून त्या भल्या माणसाने त्यांना कोयनानगरपर्यंत आणून सोडले. मागच्या आसनावर आजींनी रामरक्षा किती वेळा म्हटली, याचा हिशेब त्यांनाही सांगता आला नाही.

पुढे काय झाले ते अधिक बोधप्रद आहे. गाडी पुण्यात आणल्यावर दिसले की बल्बचे होल्डर वितळले होते आणि स्टिअरिंगखालचा दिव्यांचा स्विच आतून जळाला होता. शेजाऱ्यांनी विक्रेत्याला लिहिले. उत्तर आले की बल्ब चांगला आहे, तो अजूनही पेटतो. बसवणाऱ्याने चुकीचा बसवला असेल. मग ते इलेक्ट्रिशियनकडे गेले. तो म्हणाला, "साहेब, मला बल्ब बसवायला सांगितला, मी बसवला. माल तुमचा होता." दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते, आणि नेमकी त्यातच पंचाईत होती.

माझ्या भौतिकशास्त्राच्या मित्राने हे कोडे जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर सोडवून दाखवले. पुष्कळ गाड्यांच्या साध्या हॅलोजन बल्बवर ६०/५५ असा आकडा असतो. लांबच्या झोतासाठी ६० वॅट, जवळच्यासाठी ५५ वॅट. शेजाऱ्यांचे बल्ब होते १००/९० चे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे लांबच्या झोतासाठी पूर्वी प्रत्येक बल्ब ५ अँपिअर वीज ओढत होता, तो आता ८ अँपिअरहून अधिक ओढू लागला. तारेत निर्माण होणारी उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे प्रवाह पावणेदोनपटही झाला नसला, तरी तारेतील व स्विचमधील उष्णता पावणेतीनपटींच्या घरात गेली. तार मात्र तीच, पूर्वीच्या बेताने घातलेली. हिवाळ्यात दहा मिनिटे चालले. घाटात तास-दीड तास चालले नाही.

याला उपाय नव्हता असे नाही. बॅटरीपासून थेट जाड तार आणून, मध्ये रिले बसवला, म्हणजे हा भार जुन्या स्विचवर येत नाही. चिनी मातीचे होल्डरही मिळतात. पण हे करायचे कुणी सांगायचे? विक्रेत्याने गाडी पाहिली नव्हती. इलेक्ट्रिशियनला फक्त बल्ब बदलण्याची मजुरी ठरली होती. गाडी, बल्ब आणि तार या तिन्हींचा एकत्र विचार करण्याचे काम कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, याचा विचार करणारा तर कुणी नव्हताच.

वरच्या दीड हजारात हे काम येते. चांगल्या दुकानाचा माणूस गाडी पाहतो, तार पाहतो, "या गाडीला हा बल्ब नको" असे म्हणतो, आणि दिवे बंद पडलेच तर पुन्हा गाडी आत घेतो. आमच्या भागातील एका वृद्ध मिस्त्रीला मी एकदा विचारले की गिऱ्हाईकाने स्वतः माल आणला की तुम्ही तोंड का वाकडे करता? तो हात पुसत म्हणाला, "सर, मालाचा नफा त्यांनी घ्यायचा, आणि रात्री गाडी बंद पडली की फोन मी उचलायचा, असं कसं चालेल?" व्यवहारशास्त्राचे एवढे थोडक्यात निरूपण मी दुसरीकडे ऐकले नाही.

दुकानदारही संत नव्हे

एवढे वाचून कुणी लगेच गाडी दुकानात नेऊन उभी करील, तर त्याला जरा थांबवले पाहिजे. आचाऱ्याच्या सामानात डालडा असतो हे आपल्याला ठाऊक आहे.

सन २०२४ मध्ये मी गाडीचे टायर बदलायला एका दुकानात गेलो होतो. दुकान मोठे, बसायला गुबगुबीत खुर्ची, चहाही आला. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत एक मजकूर असतो आणि त्याच्या शेवटी चार आकडे असतात; पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. हे मला माझ्या पुतण्याने शिकवून ठेवले होते. मला दाखवलेल्या टायरवर २३२१ असे होते, म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. तीन वर्षे गोदामात पडलेले रबर मला नव्या भावाने मिळत होते. मी तो आकडा मोठ्याने वाचला. मालक क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग पोऱ्याला म्हणाले, "आतले आण रे." आतून आले ते त्याच वर्षीचे होते. किंमत तीच!

त्याच दुकानात एका तरुण गृहस्थाला मोठी चाके घेण्याचा आग्रह चालला होता. "सगळे हेच टाकतात, साहेब." गाडीच्या चाकांच्या बाबतीत 'सगळे' हा शब्द फार फसवा आहे. एका लोकप्रिय लहान गाडीचे उदाहरण घ्या. तिच्या स्वस्त नमुन्याला कंपनी १६५/८० आर १४ मापाचे टायर देते आणि महागाला १८५/६५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, शेवटचा आतल्या रिंगचा व्यास इंचांत. गणित मांडले तर पहिल्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याचा त्याहून जेमतेम २ मिलिमीटर अधिक. म्हणजे कंपनीने रिंग मोठी केली तेव्हा रबराची उंची कमी केली आणि चाक होते तेवढेच ठेवले. पण त्याऐवजी १९५/६५ आर १५ घातले, तर व्यास जवळजवळ १५ मिलिमीटरने वाढतो. वेगाचा काटा कमी वेग दाखवू लागतो, पिकअप वाढायच्या ऐवजी घटतो, आणि गाडी भरलेली असताना पूर्ण वळण घेतले की चाक आतल्या कडेला घासण्याची शक्यता असते. शिवाय मिश्रधातूची चाके घेताना नटांच्या भोकांचे वर्तुळ आणि मधल्या भोकाचा व्यास हे दोन्ही जुळावे लागतात. मधले भोक मोठे राहिले, तर त्यात जुळणारे कडे घालावे लागते. एरवी चाक नीट मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरते.

तात्पर्य, सामान आचाऱ्याचे असले तरी तुपाचा वास आपण घ्यावाच. दुकानदार जबाबदारी घेतो म्हणून आपण डोळे मिटावेत असे नाही. आणि आपण चार आकडे वाचायला शिकलो म्हणून आपण मिस्त्री झालो असेही नाही.

पुतण्याची डबी

आता माझ्या पुतण्याकडे वळतो. त्याने एक वापरलेली डिझेल गाडी घेतली. कंपनीच्या वाढीव वॉरंटीची दोन वर्षे अजून शिल्लक होती. दर महिन्याला तो आपल्या आईवडिलांना घेऊन साताऱ्याला जातो, आणि खंबाटकीच्या चढावर मालमोटारीला ओलांडताना गाडी कमी पडते, असे त्याला वाटत होते. त्याच्या कचेरीतल्या मित्राने एक डबी सुचवली. फोनवर मागवायची, घरीच अर्ध्या तासात जोडायची, आणि गाडीचा जोर वाढतो! दुसरीकडे गाड्यांचा जोर वाढवून देणारे एक दुकान होते. ते डबी लावत नाहीत. गाडीच्या संगणकातील आज्ञावलीच बदलून देतात. त्याला 'रिमॅप' म्हणतात. पैसे कितीतरी अधिक. पुतण्या सल्ल्याला माझ्याकडे आला, म्हणजे खरे तर माझ्यामार्फत माझ्या मित्राकडे आला.

मित्राने समजावून दिले ते असे. आजच्या डिझेल इंजिनात एका बंद नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली साठवलेले असते, आणि एक संवेदक त्या दाबाची वर्दी गाडीच्या संगणकाला देत असतो. ही डबी त्या दोघांच्या मध्ये बसते आणि दाब आहे त्याहून कमी असल्याचे संगणकाला सांगते. संगणक बिचारा दाब वाढवतो, डिझेल अधिक जाते, जोर वाढतो. मला एकदम कुरुक्षेत्र आठवले. अश्वत्थामा पडला एवढे मोठ्याने सांगायचे आणि हत्तीचे नाव हळूच घ्यायचे! त्या अर्धसत्यावर द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. इथे गाडीचा मेंदू अर्धसत्यावर विश्वासून इंजिनात इंधन ओततो. त्याला खरी स्थिती कळत नसल्याने त्याने काळजी घ्यावी तरी कशी?

दुकानातील रिमॅप त्या मानाने सरळ व्यवहार. तिथला माणूस इंधन किती, टर्बोचा दाब किती, कोणत्या वेगाला किती जोर द्यायचा, याची संगणकातील कोष्टके वाचतो आणि बदलतो. दुकान चांगले असेल तर गाडी रोलरवर चढवून आधीचा आणि नंतरचा जोर मोजून दाखवतात, आणि मूळ आज्ञावली जपून ठेवतात. टर्बो असलेल्या इंजिनाचा जोर अशा रीतीने बराच वाढतो. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनाला त्याने फारसे काही मिळत नाही. म्हणजे डबी आणि रिमॅप यांतच निवडायचे असेल, तर दुकानाची वाट उजवी.

"मग रिमॅपच करतो," पुतण्या म्हणाला.

मित्राने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "कंपनीला हा जोर काढता येत नव्हता असं तुला वाटतं का? त्यांनी तो मुद्दाम राखून ठेवलाय. उन्हाळा, खराब डिझेल, भरलेली गाडी, वेळेवर न बदललेलं ऑइल, या सगळ्यांसाठी. जोर वाढवला की क्लचवर ताण येतो, टर्बो अधिक तापतो. घरातली बाई डाळीच्या डब्यात नोटा ठेवते ना, तसं आहे ते. त्या नोटा काढून तू नवा शर्ट शिवशील. शर्ट छान दिसेलही. पण घरात कुणी आजारी पडलं की डबा रिकामा असेल."

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डबी असो वा रिमॅप, इंजिनात पुढे बिघाड झाला आणि कंपनीला हा बदल आढळला, तर वॉरंटी नाकारायला तिला आयतेच कारण मिळते. म्हणजे जबाबदारीचे आणखी एक टोक सुटते. रिमॅप करणारे दुकान आपल्या कामाची हमी देईल, पण तुमच्या अख्ख्या इंजिनाची देईल असे समजू नये.

कायद्याचे बोट

काही सुधारणा अशा असतात की तिथे 'आपण की दुकान' हा प्रश्नच उरत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने मुळात नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हे कलम ठामपणे लागू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ अ हे कलम आले. नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. दुकानाने केले की मी केले, हे तिथे चालत नाही. शिक्षा मालकाची आहे. कर्कश सायलेन्सर आणि नाना सुरांचे भोंगे यांना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आधीपासूनच मज्जाव करतात. तेव्हा दुकानदार "सगळे टाकतात" म्हणाला, तर दंडाच्या वेळी ते 'सगळे' आपल्या शेजारी उभे राहणार नाहीत, हे लक्षात ठेवावे.

सी.एन.जी.चे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. तिथे बदलाला परवानगी आहे, पण तो मान्यताप्राप्त केंद्रातच, मान्य केलेल्या संचानेच करावा लागतो आणि नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करावी लागते. कारण उघड आहे. टायरमध्ये हवेचा दाब सुमारे सव्वादोन बार असतो. त्या सिलिंडरमध्ये वायूचा दाब २०० बार असतो, म्हणजे जवळजवळ नव्वद पट. म्हणून तर त्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी घ्यावी लागते. अशी वस्तू कुणी फोनवरून मागवून घरच्या घरी बसवू म्हणेल, तर त्याला शेजाऱ्यांनीच अडवावे.

पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत १९६६ साली स्थापन झालेली एक मोठी संस्था आहे, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. गाड्यांच्या आणि त्यांच्या भागांच्या चाचण्या तिथे होतात. बाजारात येण्यापूर्वी गाडीला अशा परीक्षांतून उत्तीर्ण व्हावे लागते. आपण आपल्या हौसेने तिच्यात जो बदल करतो, त्याची परीक्षा घेणारा मात्र घाटच असतो, आणि तो पुरवणी परीक्षा घेत नाही.

मग करावे काय?

इतक्या ऐकीव आणि पाहीव अनुभवावरून मी स्वतःपुरती एक कसोटी बेतली आहे. वस्तूचे गुण वस्तूतच आहेत, की ती बसवण्यात आहेत? पहिला प्रकार असेल तर स्वतः आणावी. वायपरची पाती, पायाखालच्या चटया, मूळ मापाचा नि मूळ वॅटचा बल्ब, कंपनीच्या नमुन्याचा हवेचा फिल्टर, या वस्तू डोळे उघडे ठेवून कुठूनही घ्याव्यात; इथे वाचलेले पैसे खरोखर वाचतात. पण हवेचा फिल्टर जरी 'जोर वाढवणारा', तेल लावून वापरायचा असला, तर तो लगेच दुसऱ्या प्रकारात जातो. त्याला तेल जास्त झाले तर ते पुढच्या हवा मोजणाऱ्या संवेदकावर बसते आणि गाडी बिघडते.

टायर, ब्रेक, स्प्रिंगा, दिव्यांची वायरिंग, इंजिनाचा संगणक हे सगळे दुसऱ्या प्रकारातले. टायर कितीही उत्तम घ्या; बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट नीट नसेल तर ते एका कडेने झिजून जातील. इथे विक्री आणि हात एकाच छपराखाली असावेत.

तरीही स्वतःच माल आणायचा असेल, तर आधी मिस्त्रीला विचारावे आणि मग मागवावा. आपल्याकडे हे नेहमी उलटे होते. खोके दारात आल्यावर मिस्त्रीची आठवण येते. मजुरीही बसवण्याची न ठरवता 'बसवून, तपासून, चालवून पाहून' अशी ठरवावी आणि ती घासाघीस न करता द्यावी. पक्के बिल घ्यावे, त्यावर वस्तूचे नाव, माप आणि बसवल्याची तारीख असावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात उत्पादकाबरोबरच विक्रेता आणि सेवा देणारा यांच्या उत्तरदायित्वाचीही तरतूद आहे. पण वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार झाला असे दाखवता आले, तर विक्रेता सुटू शकतो. विक्री एकाची आणि बसवणे दुसऱ्याचे असले की हे दाखवणे त्याला सोपे जाते. काढलेला जुना भाग परत मागावा. तो दिला नाही तर का दिला नाही हे विचारावे. आणि गाडीत मोलाची वस्तू बसवली, तर विमा कंपनीला कळवावे, नाही तर अपघातानंतर त्यावरून वाद होतो.

माझ्या पुतण्याने डबीही घेतली नाही आणि रिमॅपही केला नाही. मित्राने त्याला जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. गाडीत कितीही जोर असो, ती जमिनीला टेकते फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढे असते. पळणे, वळणे आणि थांबणे हे सगळे त्या चार तळहातांवर. पुतण्याने घरी जाऊन टायर पाहिले, तर आधीच्या मालकाने ते जवळजवळ गुळगुळीत होईपर्यंत वापरले होते. चढावर जोर हवा म्हणणाऱ्याला उतारावर थांबता येईल की नाही, याचीच खात्री नव्हती!

त्याने फोनवर भाव पाहून ठेवले, मग ते घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने भाव थोडा कमी केला, पूर्ण केला नाही. पुतण्याने आधी चार आकडे वाचले, मग कंपनीच्या पुस्तिकेतील माप पडताळले, आणि टायर तिथेच बसवून घेतले. फोनवरच्या भावापेक्षा हजार-बाराशे जास्त गेले. घरी आल्यावर माझ्या भावाने, म्हणजे त्याच्या वडिलांनी, चष्मा लावून ते बिल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, दुकानाचा फोन नंबर एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत उतरवला आणि दोन्ही कागद गाडीच्या कप्प्यात ठेवून दिले. पुढच्याच महिन्यात, भर पावसात, सातारा रस्त्यावर एक म्हैस अचानक आडवी आली. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. माझी वहिनी त्या टायरच्या किमतीविषयी त्यानंतर एक शब्दही बोललेली नाही.

येत्या पाडव्याला वाचकांपैकी पुष्कळजण गाडीला काही ना काही घेतील. घ्यावे; हौसेला मोल नसते आणि दिवाळी वर्षातून एकदाच येते. फक्त भाव विचारण्यापूर्वी विकणाऱ्याला एवढेच विचारावे, "यात काही बिघडलं, तर मी कुणाकडे यायचं?" ज्याच्याकडून "माझ्याकडे" असे उत्तर येईल, भाव त्याला विचारावा.